१२३४५६७८९८७६५४३२१ (डेम्लो संख्या)

डेम्लो संख्यांच्या कुळातील सतरा अंकी पूर्ण वर्ग; १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच.

नाव उत्तर कोकणातले आहे. ‘डेम्लो’ म्हणजे आजची डोंबिवली. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या या स्थानकात गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना ही कल्पना सुचली. कापरेकर जन्माने डहाणूचे, शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना गणिताचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. परांजपेही कोकणातले, दापोली तालुक्यातील मुर्डीचे. पुढे १९३० ते १९६२ कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’ने त्यांचे नाव जगभर गेले, डेम्लो संख्या मात्र त्या मानाने उपेक्षित राहिल्या.

मूळ व्याख्या साधी आहे. संख्येचे डावे आणि उजवे टोक मिळवले की मधे पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळावा : २५५३ मध्ये २ + ३ = ५, ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. टोके अनेक अंकी असली तरी हेच : १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, मधे ३. १, १२१, १२३२१, १२३४३२१... या मालिकेला कापरेकरांनी ‘अद्भुत’ हे विशेषण लावले. एकाखाली एक, मधोमध लिहिल्यास ती देवळापुढच्या दीपमाळेसारखी दिसते (निमुळते टोक वर). प्रस्तुत संख्या या मालिकेतील नववी.

असे का होते, ते पाटीवर गुणाकार मांडला की कळते. प्रत्येक ओळीत नुसता १ हाच अंक. ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उभ्या रकान्यांत १, २, ३ असे नऊपर्यंत चढत जाऊन पुन्हा उतरणारे एक जमतात आणि हातचा कुठेच येत नाही. दहा एकांच्या संख्येच्या (११११११११११) वर्गात मधल्या रकान्याची बेरीज १० होते, हातचा येतो आणि डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

मूळ अवयव : ३⁴ × ३७² × ३३३६६७². त्यावरून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते, कारण वर्गमुळाला जोडीदार तो स्वतःच. स्वतः संख्या वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच जास्त, म्हणजे संख्येपेक्षा कमी भरते, म्हणून ही न्यून संख्या. अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचेच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्ये ८ गायब आहे, आणि शाळकरी पोरांना नवाने गुणायला लावून चकित करायची ती हीच जुनी संख्या.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अंकांच्या अठरा स्थानांच्या नावांप्रमाणे तिचे वाचन एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म असे सुरू होते. परार्ध हे अठरावे स्थान एक घर पुढे राहते.