बुबका, सर्गेई नझारोविच

(४ डिसेंबर १९६३ – ). सोव्हिएत संघाचा आणि त्या संघाच्या विघटनानंतर युक्रेनचा जगप्रसिद्ध बांबूउडीपटू. जन्म लुहान्स्क (तेव्हाचे व्होरोशिलोवग्राद) येथे. प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांच्या हाताखाली तो दोनेत्स्कला तयार झाला. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या पहिल्याच जागतिक मैदानी स्पर्धेत, फारसे कोणी नावही ऐकले नसताना, त्याने ५.७० मी. उडी मारून सुवर्णपदक जिंकले. १९९७ पर्यंतच्या पुढील पाचही जागतिक स्पर्धांत विजेता तोच होता.

धाव वेगवान, पोल कडक आणि त्यावरची पकड इतरांपेक्षा बरीच वर, ही त्याची वैशिष्ट्ये. अशा पोलला वाकवायला वेग व ताकद दोन्ही लागतात. पण तो सरळ होताना खेळाडूला तितकाच जोराने वर फेकतो. १३ जुलै १९८५ रोजी पॅरिसमध्ये त्याने ६ मीटरची उंची ओलांडली; तोवर ती कोणालाच साधली नव्हती. त्याच्या नावावर एकूण ३५ जागतिक विक्रम आहेत : १७ खुल्या मैदानावरचे, १८ बंदिस्त. त्यांतील बरेचसे सेंटिमीटर-सेंटिमीटरने वाढवलेले. प्रत्येक विक्रमाला बक्षिसाची रक्कम मिळे, म्हणून या हिशेबीपणावर टीकाही झाली. मात्र असा हिशेब करण्याइतकी उंची हाताशी असलेला दुसरा कोणी नव्हता. ३१ ऑगस्ट १९८४ रोजी रोममध्ये फ्रान्सच्या तिएरी व्हिन्येरोंने ५.९१ मी. उडी मारून विक्रम हिसकावला, तो बुबकाने काही मिनिटांतच ५.९४ मी. उडीने परत घेतला.

ऑलिंपिकमध्ये मात्र हे वर्चस्व दिसले नाही. १९८४ च्या लॉस अँजेलिस स्पर्धेवर सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला. १९८८ मध्ये सेऊलला ५.९० मी. उंचीच्या शेवटच्या प्रयत्नात सुवर्णपदक हाती आले. बार्सिलोनात (१९९२) तिन्ही प्रयत्न फसून एकही उंची नोंदली गेली नाही. अटलांटात (१९९६) टाचेच्या दुखापतीमुळे त्याने माघार घेतली. सिडनीत (२००० ) पात्रता फेरीतच तो बाद झाला. २००१ मध्ये त्याने निवृत्ती स्वीकारली. पुढे तो युक्रेनच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता (२००५–२२). २०१५ च्या जागतिक मैदानी क्रीडा महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सेबॅस्टियन को यांनी त्याचा पराभव केला.

दोनेत्स्कमध्येच १९९३ साली नोंदवलेला त्याचा ६.१५ मी. हा बंदिस्त मैदानावरील विक्रम फ्रान्सच्या रनो लाव्हिलेनीने १५ फेब्रुवारी २०१४ रोजी ६.१६ मी. उडी मारून मोडला, तोही दोनेत्स्कमध्येच, बुबकाच्या समक्ष. खुल्या मैदानावरील ६.१४ मी. (सेस्त्रिएरे, १९९४) ही त्याची उंची स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने २०२० मध्ये रोम येथे ओलांडली.