दुडकी, सल्की आणि स्लॉट मशीन : यॉन्कर्सच्या रेसकोर्सची सव्वाशे वर्षं

न्यूयॉर्क शहराची ब्राँक्सकडची हद्द ओलांडली की लगेच यॉन्कर्स लागतं. तिथे 'एम्पायर सिटी कसिनो' आहे, आणि कसिनोच्या पाठीशी अर्ध्या मैलाचा एक लंबगोल ट्रॅक. ऑक्टोबर 2025 मध्ये इथली मालक कंपनी एमजीएम रिसॉर्ट्स हिने पूर्ण कसिनोच्या (फक्त मशीनं नव्हे, पत्ते-रुलेटसकट) परवान्यासाठी केलेला अर्ज अचानक मागे घेतला. मुंबईत बसून ही बातमी वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की घोड्यांच्या रेसकोर्सवर कसिनो आला कसा? उत्तर लांबलचक आहे आणि त्याचा धागा घोड्यांपेक्षा न्यूयॉर्कच्या जुगारविषयक कायद्यांतून जास्त जातो.

आधी घोड्यांचं बोलू, कारण ही शर्यत महालक्ष्मीवर दिसते तशी नाही. इथे घोड्याच्या पाठीवर जॉकी नसतो. घोड्यामागे 'सल्की' नावाची दोन चाकांची हलकी गाडी जोडलेली असते आणि तीत ड्रायव्हर पाय पुढे पसरून बसतो. घोड्याने चौखूर उधळायचं नाही. उधळला तर त्याला बाजूला घेऊन पुन्हा चालीवर आणावं लागतं, आणि तेवढ्यात शर्यत हातची गेलेली असते. चाली दोन. 'ट्रॉट' म्हणजे आपली दुडकी : पुढचा डावा पाय आणि मागचा उजवा एकदम उचलायचा. 'पेस' मध्ये एकाच बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात. सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीच्या घोड्याला भाव मिळतो, ती चाल या पेसच्या नात्यातली म्हणता येईल. तिथे स्वाराला हिसका बसू नये म्हणून ती हवी असते, इथे वेगासाठी.

या घोड्यांच्या जातीला स्टँडर्डब्रेड म्हणतात. हे नाव 1879 मध्ये ठरलेल्या 'स्टँडर्ड'वरून आलं : ठरावीक वेळात, म्हणजे दुडकीने अडीच मिनिटांत, एक मैल पुरा करणारा घोडाच नोंदवहीत जायचा. जातीचा मूळपुरुष न्यूयॉर्क राज्यातलाच. 1849 साली शुगर लोफ गावी जन्मलेला हॅम्बलटोनियन. विल्यम रिस्डिक या शेतमजुराने आई आणि शिंगरू मिळून 125 डॉलरला घेतली. पुढे या घोड्याची तेराशेहून अधिक पिल्लं झाली आणि रिस्डिक श्रीमंत झाला. शेतावर, रस्त्यावर, चर्चला जाता-येता जो घोडा गाडीला जुंपायचा, त्याचीच ही शर्यत. म्हणून अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत ती जत्रेतली शर्यत राहिली, तर थरोब्रेडची, म्हणजे महालक्ष्मीवर पळणाऱ्या जातीची, चौखूर शर्यत शहरी धनिकांची.

यॉन्कर्सचा ट्रॅक मुळात या दुडक्यांसाठीच बांधला गेला. विल्यम एच. क्लार्क या श्रीमंत वकिलाने 1899 मध्ये तो 'एम्पायर सिटी' या नावाने सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. मालकीचे वाद, रिकामी स्टँड, कधीतरी एखादा कार्यक्रम, अशी काही वर्षं गेली. त्यातला एक कार्यक्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1903 च्या जुलैत बार्नी ओल्डफील्डने याच मातीवर मोटार एक मैल 55.8 सेकंदांत पळवली. गाडीला जुंपायच्या घोड्याचं राज्य ज्या यंत्राने संपवलं, ते त्याच घोड्यासाठी आखलेल्या मातीवर असं धावून गेलं.

मग आला जेम्स बटलर. आयर्लंडच्या किलकेनीतून आलेला, किराणा मालाच्या दुकानांची साखळी उभारून गब्बर झालेला. त्याने ट्रॅक घेतला आणि दुडक्यांऐवजी थरोब्रेड पळवायचं ठरवलं, कारण गर्दी आणि पैजा तिकडे होत्या. न्यूयॉर्कच्या शर्यतविश्वावर तेव्हा जॉकी क्लबच्या मंडळींचा ताबा होता. किराणावाल्याला शर्यतीच्या तारखा द्यायला ते तयार नव्हते. बटलर कोर्टात गेला, भांडला आणि 1907 मध्ये त्याने आपला मोसम भरवून दाखवलाच. (त्याच वर्षी त्याच्या पैशातून, त्याच्या जोगीण असलेल्या चुलतबहिणीने जवळच टॅरीटाउनला मुलींची शाळा सुरू केली, ती पुढे मेरीमाउंट कॉलेज झाली. घोड्यावरचा पैसा सरस्वतीकडे जाण्याचं हे इथलं पहिलं उदाहरण. दुसरं पुढे येतं.)

बटलरने जागा मिळवली आणि वर्षभरातच पायाखालची जमीन हलली. 1908 मध्ये न्यूयॉर्कने हार्ट-अॅग्न्यू कायदा करून रेसकोर्सवरच्या पैजांवर बंदी घातली. बुकी तोंडी पैजा घेऊ लागले तेव्हा 1910 मध्ये ट्रॅकच्या संचालकांनाच जबाबदार धरण्याची दुरुस्ती आली. मग कोण कशाला धोका पत्करेल? 1911 आणि 1912 या दोन वर्षांत राज्यातल्या मोठ्या ट्रॅकवर एकही मोसम झाला नाही. घोडे, ट्रेनर, जॉकी युरोपला गेले. घोडा होता, ट्रॅक होता, बघायला लोक होते. पैज नव्हती म्हणून सगळं ठप्प. न्यूयॉर्कच्या शर्यतींचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास या दोन वर्षांत आधीच सांगून झाला होता, असं मला वाटतं.

बंदी सैल झाली, शर्यती परतल्या. बटलर 1934 मध्ये गेला. पुढच्या काळातला एम्पायर सिटीचा सर्वांत नामवंत पाहुणा म्हणजे सीबिस्किट हा थरोब्रेड घोडा. 1936 मध्ये त्याने इथे स्कार्सडेल हँडिकॅप ही शर्यत जिंकली आणि 1937 मध्ये बटलर व यॉन्कर्स अशा दोन हँडिकॅप. पण तोवर खेळाचं अर्थकारण बदलत होतं. 1939 मध्ये न्यूयॉर्कने राज्यघटनेत दुरुस्ती करून पॅरिम्युच्युअल पद्धत मान्य केली. म्हणजे आपल्याकडचा टोट : सगळ्या पैजांचा एक गल्ला, त्यातून आधी सरकार आणि ट्रॅक आपला वाटा काढून घेणार, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटणार. 1940 पासून बुकी कायदेशीर मैदानाबाहेर गेला आणि सरकार शर्यतीत भागीदार झालं. भागीदाराला फायद्याशी मतलब. जास्त शर्यती म्हणजे जास्त महसूल.

आणि इथे दुडक्या घोड्यांचं नशीब उघडलं. 1940 च्या सप्टेंबरमध्ये लाँग आयलंडवर रूझवेल्ट रेसवे सुरू झाला, दिव्यांच्या उजेडात, रात्री. दिवसा कामावर जाणारा माणूस रात्री जेवून रेसला येऊ शकत होता. फक्त एक अडचण होती. सल्कीसकट आठ घोडे एका रेषेत आणायचे कसे? पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून सुरुवात करावी लागे आणि पैज लावलेले लोक वैतागत. 1946 मध्ये स्टीव्ह फिलिप्सने उत्तर आणलं : मोटारीच्या मागे दोन्ही बाजूंना पंखांसारखी फाटकं. घोडे चालत्या फाटकाला नाक लावून पळायचे, रेषा आली की गाडी फाटकं मिटून सुसाट पुढे निघून जायची. आजही सुरुवात अशीच होते. घोड्याच्या जागी आलेल्या मोटारीनेच हा खेळ वाचवला.

एम्पायर सिटीवर थरोब्रेडचा शेवटचा मोसम 1942 चा. युद्धकाळात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि त्याच्या तारखा जमैकाच्या ट्रॅककडे गेल्या. पण याच रेशनिंगमुळे 1943 ची हॅम्बलटोनियन, दुडकीची सगळ्यात मानाची शर्यत, आडगावच्या गोशेनहून शहराजवळच्या एम्पायर सिटीवर आणावी लागली. गोशेनला ती भरवणारा विल्यम केन याने ही जागा तेव्हा नीट पाहून ठेवली असणार. 1950 मध्ये त्याने आणि त्याच्या भागीदारांनी ती विकत घेतली, ट्रॅक अर्ध्या मैलाचा केला आणि नाव ठेवलं यॉन्कर्स रेसवे. ज्यांच्यासाठी बांधला, ते दुडके घोडे अर्ध्या शतकाने घरी आले.

अर्ध्या मैलाचा ट्रॅक म्हणजे मैलाच्या शर्यतीत दोन फेऱ्या आणि चार वळणं. आतल्या कठड्यालगत सुटणाऱ्याला मोठा फायदा. सर्वांत बाहेरून सुटणाऱ्याच्या ड्रायव्हरला पहिल्या वळणाआधीच निर्णय घ्यावा लागतो, घुसायचं की मागे दम धरून बसायचं. पंटरांना, म्हणजे पैज लावणाऱ्यांना, हे आवडायचं, कारण रेसची पत्रिका बघून डोकं लढवायला वाव होता. 1955 पासून यॉन्कर्स ट्रॉट आणि केनच्या नावाची पेसरांची शर्यत सुरू झाली. हॅम्बलटोनियन, केंटकी फ्युच्युरिटी आणि यॉन्कर्स ट्रॉट ही ट्रॉटरांची तिहेरी मालिका.

पैसा होता तिथे माश्याही होत्या. ऑगस्ट 1953 मध्ये ब्राँक्समध्ये थॉमस लुइस या कामगार पुढाऱ्याचा गोळ्या घालून खून झाला. त्याच्या संघटनेची माणसं रेसवेवर कामाला होती. तपास सुरू झाला तशी नोकऱ्या, कंत्राटं आणि शेअर यांतली देवाणघेवाण बाहेर येऊ लागली आणि त्यात राजकारण्यांची नावं निघाली. गव्हर्नर ड्यूई यांनी हार्नेस, म्हणजे सल्कीच्या, शर्यतींच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि राज्याने नियमन कडक केलं. गर्दी मात्र घटली नाही.

त्या गर्दीचा कळस म्हणजे 20 मे 1966 ची रात्र. न्यूझीलंडहून आलेला कार्डिगन बे, वय नऊच्या पुढे, एकदा कंबर मोडता मोडता वाचलेला. आणि समोर ऐन भरातला अमेरिकेचा लाडका ब्रेट हॅनोव्हर. शर्यतीला नाव दिलं होतं 'शतकातली पेस'. मैदानात सुमारे 45,000 माणसं. स्टॅन्ली डान्सरने हाकलेल्या कार्डिगन बेने ती जिंकली. ब्रेटने रूझवेल्टवर परतफेड केली खरी, पण लोकांच्या ओठांवर राहिला म्हातारा. 1968 मध्ये दहा लाख डॉलरची कमाई करणारा तो पहिला स्टँडर्डब्रेड ठरला.

उतरण फार पटकन लागली. 1971 मध्ये न्यूयॉर्क शहराने ओटीबी (ऑफ-ट्रॅक बेटिंग) काढली : गल्लीतल्या दुकानात जा, शर्यतीवर कायदेशीर पैज लावा, घरी जा. मग रात्री यॉन्कर्सला कोण जाणार? 1972 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या फुटबॉल संघाच्या रूनी कुटुंबाने रेसवे घेतला तो नेमका या वळणावर. 1976 मध्ये न्यू जर्सीत मैलाच्या ट्रॅकचा झगझगीत मेडोलँड्स उघडला आणि चांगले घोडे, मोठ्या पैजा नदीपलीकडे गेल्या. त्यात अटलांटिक सिटीचे कसिनो. 1988 मध्ये रूझवेल्ट कायमचा बंद झाला. यॉन्कर्सच्या पार्किंगमध्ये मोटारींपेक्षा जत्रेचे पाळणे जास्त शोभू लागले.

वाचवायला आला तो पुन्हा कायदाच. डेलावेअर आणि वेस्ट व्हर्जिनियाने नव्वदच्या दशकात रेसकोर्सवर जुगाराची मशीनं बसवून पाहिली होती. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या तिजोरीला भगदाड पडलं आणि महिना-दीड महिन्यातच विधिमंडळाने रेसकोर्सवर 'व्हिडिओ लॉटरी टर्मिनल' बसवायला परवानगी दिली. नावातच चलाखी आहे. मशीन दिसतं स्लॉटसारखं, वाजतं स्लॉटसारखं, पण निकाल लॉटरी खात्याच्या मध्यवर्ती यंत्रणेतून येतो. तेव्हाच्या घटनेत लॉटरी चालत होती, कसिनोचा जुगार चालत नव्हता. म्हणून ही लॉटरी. आणि लॉटरी म्हटल्यावर तिचा पैसा शिक्षणाला गेला पाहिजे. बटलरच्या कॉलेजनंतरचं दुसरं उदाहरण ते हे. विरोधक कोर्टात गेले. 2005 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मशीनं वैध ठरवली.

मशीनच्या कमाईतला ठरावीक हिस्सा शर्यतींच्या बक्षिसांना द्यायचा, अशी कायद्यात तरतूद होती. रूनींनी बांधकामासाठी शर्यती वर्षभराहून अधिक काळ थांबवल्या. ऑक्टोबर 2006 मध्ये एम्पायर सिटी या जुन्याच नावाने कसिनो उघडला. मशीनं पुढे पाच हजारांवर गेली. बक्षिसं फुगली, घोडे परतले, दशलक्ष डॉलरची आंतरराष्ट्रीय ट्रॉट 2015 मध्ये यॉन्कर्सवर पुन्हा सुरू झाली. काही रविवारी तर फ्रान्समधल्या पंटरांसाठी नेहमीच्या मैलाऐवजी सव्वा मैलाच्या शर्यती ठेवल्या जात. पॅरिसमध्ये पैज लागे आणि घोडे पळत यॉन्कर्सला. स्टँडमध्ये माणसं तुरळकच. ट्रॅकवरच्या पैजेवर आता शर्यत चालत नव्हती. शेजारच्या खोलीतली मशीनं तिचं भाडं भरत होती.

2018 मध्ये एमजीएमने 85 कोटी डॉलरला सौदा जाहीर केला आणि जानेवारी 2019 मध्ये ताबा घेतला. एवढी किंमत घोड्यांची नव्हती. 2013 च्या सार्वमताने न्यूयॉर्कमध्ये सात पूर्ण कसिनोंना वाट मोकळी झाली होती. शहराच्या आसपासचे तीन परवाने पुढे निघणार होते आणि यॉन्कर्स त्यांपैकी एकावर हक्काचा दावेदार मानला जात होता. खरे पत्ते, खरी रुलेट, खरे डीलर. मग ऑक्टोबर 2025 ची माघार. परवान्याची मुदत अपेक्षेपेक्षा निम्मी, 30 ऐवजी 15 वर्षं, आणि जवळपासची स्पर्धा, अशी कारणं कंपनीने दिली. आहे तो कारभार चालू राहील, असंही सांगितलं.

डिसेंबरमध्ये तिन्ही परवाने दिले गेले : एक ब्राँक्सला, दोन क्वीन्सला. क्वीन्सचा एक अॅक्विडक्ट रेसकोर्सला लागून असलेल्या रिसॉर्ट्स वर्ल्डला मिळाला, जिथे 2011 मध्ये यॉन्कर्ससारखीच मशीनं बसली होती. अॅक्विडक्टच्या शर्यती नव्याने बांधल्या जाणाऱ्या बेलमाँटला हलवायचं आधीच ठरलेलं आहे. घोडे तिथून जातील. कसिनो तिथेच राहील.