वागानोवा आणि चेकेत्ती: बॅलेच्या दोन पद्धती, एकाच शहरात वाढलेल्या

बॅले शिकणाऱ्या मुलांचा एक गोंधळ हमखास होतो. एका व्हिडिओत शिक्षिका 'हात तिसऱ्या स्थितीत' म्हणते आणि दोन्ही हात गोलाकार होऊन डोक्यावर जातात. दुसऱ्या व्हिडिओत त्याच तिसऱ्या स्थितीत एक हात खाली शरीरासमोर आणि दुसरा जरासा बाजूला. चूक दोघींचीही नाही. पहिली मोजणी रशियन शिक्षिका आग्रिपिना वागानोवाच्या पद्धतीची, दुसरी इटालियन नर्तक-शिक्षक एन्रिको चेकेत्तीच्या. वागानोवाकडे एक तयारीची स्थिती आणि पुढे तीनच आकडे. चेकेत्तीकडे पाच, आणि डोक्यावरचे हात हा पाचव्या स्थितीचा वरचा प्रकार. आराबेस्कचंही (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणायची मुद्रा) तसंच: वागानोवाचे चार, चेकेत्तीचे पाच. तिसरा आराबेस्क म्हटलं की वागानोवाची विद्यार्थिनी एक हात पुढे आणि एक बाजूला नेते. चेकेत्तीची विद्यार्थिनी दोन्ही हात पुढे नेते, त्यातला एक किंचित वर.

आकड्यांचा गोंधळ पाठांतराने सुटतो. पण या दोन पद्धती म्हणजे 'रशियन' आणि 'इटालियन' अशी एकमेकांशी संबंध नसलेली घराणी आहेत, असा जो समज पसरलाय तो मला जास्त खटकतो. दोन्ही सेंट पीटर्सबर्गमध्येच भेटतात, एकाच नाट्यगृहात आणि एकाच शाळेत.

चेकेत्तीचा जन्म 1850 मध्ये रोममधल्या एका नाट्यगृहाच्या रंगपटातला. आईवडील दोघंही नर्तक. 1887 मध्ये तो पीटर्सबर्गला आला, तेव्हा त्याच्या गिरक्या आणि उड्या पाहून तिथले प्रेक्षक थक्क झाले. 1890 मध्ये 'स्लीपिंग ब्युटी' या बॅलेच्या पहिल्याच प्रयोगात त्याने दुष्ट परी काराबोस केली आणि त्याच रात्री निळ्या पक्ष्याची भूमिकाही नाचला. एकीकडे अभिनय, दुसरीकडे पायाच्या झपाट्याचं अत्यंत अवघड काम, आणि वय चाळिशीला टेकलेलं! 1892 पासून तो तिथल्या शाही बॅले शाळेत शिकवू लागला.

वागानोवा त्याच शाळेतून 1897 मध्ये बाहेर पडली. तिच्या वाट्याला असं स्वागत आलं नाही. वर्षानुवर्षं समूहात आणि छोट्या भूमिकांत नाचावं लागलं. एकल नृत्यांतली तिची चमक पाहून लोक तिला 'व्हेरिएशन्सची (म्हणजे एकल नृत्यांची) राणी' म्हणत, पण बॅलेरिना, म्हणजे प्रमुख नर्तिका, हा दर्जा मिळाला थेट 1915 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तिने रंगमंच सोडला. आपल्याला मिळालेल्या शिक्षणात काय कमी पडलं, याचा शोध ती नाचत असतानाच घेत होती. जुनी फ्रेंच शैली मऊ आणि देखणी, पण तिच्यात जोर नाही. इटालियन शैलीत जोर, तोल आणि नेमकी गिरकी आहे, पण हात ताठ. चेकेत्तीच्या शिकवणीने इतर नर्तिकांत काय बदल झाला हे तिने बारकाईने पाहिलं होतं. तिच्या पद्धतीतला इटालियन भाग तिथून आलाय आणि तिने तो कधी लपवला नाही.

मग खरा फरक कुठे? मला तो वर्गाच्या रचनेत दिसतो. चेकेत्तीच्या वर्गाला ठरलेलं वेळापत्रक असतं: सोमवारचे व्यायाम वेगळे, मंगळवारचे वेगळे, असे सहा दिवस. एका आठवड्यात उजव्या बाजूने केलेलं पुढच्या आठवड्यात डाव्या बाजूने. आठवडाभरात शरीराच्या प्रत्येक कामाला पाळी मिळते, काहीच सुटत नाही. त्याच्या हयातीतच, 1922 मध्ये, सिरिल ब्यूमाँट आणि स्तानिस्लास इद्झिकोव्स्की यांनी हे सगळं पुस्तकात बांधलं, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये चेकेत्ती सोसायटी उभी राहिली.

वागानोवाने वर्ग कधी बांधून ठेवला नाही. शाळेतल्या आठ वर्षांत कोणती गोष्ट कुठे यायची याची पायरी पक्की, पण आजचा वर्ग आजच्या मुलींसाठी शिक्षिकेने रचायचा. भर पाठीवर: हात, मान, डोकं सगळं तिथून हलायचं, उडीतसुद्धा. 1934 मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकात हालचाली कशा करायच्या ते नीट सांगितलंय, पण ते वाचून सोमवारचा वर्ग घेता येत नाही. मारिना सेम्योनोवा, गालिना उलानोवा, नतालिया दुदिन्स्काया या तिच्या शिष्या एकमेकींसारख्या अजिबात नाचत नसत. पद्धतीची ताकद मला यात दिसते.

चेकेत्तीच्या शिष्यांत पाव्लोवा, निजिन्स्की, कार्साविना हे नामवंत रशियन नर्तक. शिवाय निनेत द व्हॅल्वा आणि मारी राम्बेर, ज्यांनी ब्रिटिश बॅले उभा केला. त्यामुळे इंग्लंडमधल्या परीक्षा-पद्धतींत त्याची छाप आहे.

साधारण शिक्षकाच्या हाती चेकेत्ती जास्त सुरक्षित, कारण क्रम आधीच विचारपूर्वक लावलेला आहे. वागानोवा पद्धत कसबी शिक्षकाकडे फुलते. कच्च्या शिक्षकाकडे मात्र उंच पाय आणि दुखरी कंबर एवढंच हाती येतं. म्हणून वर्गाच्या पाटीवर कोणाचं नाव आहे यापेक्षा शिकवणारी व्यक्ती कुठे आणि किती वर्षं शिकली, हे विचारा. आणि मूल एका पद्धतीतून दुसरीत जात असेल, तर पहिले काही आठवडे आकडा ऐकून लगेच हलू नकोस, शिक्षिकेचे हात आधी बघ, एवढं त्याला सांगून ठेवा.