एक ग्रॅमच्या साजात सोनं किती?

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साजाचा (पानं-मणी ओवलेल्या गळ्यातल्या दागिन्याचा) भाव विचारून परतलेलं गिऱ्हाईक महाद्वार रोडला ‘१ ग्रॅम गोल्ड’च्या पाटीपाशी थबकतं. तीच पानं, तेच मणी, आणि किंमत परवडणारी. पाटीवरून वाटतं, आत ग्रॅमभर तरी सोनं असेल. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एक घन सेंमी सोनं १९.३ ग्रॅम भरतं. साजाचं पृष्ठफळ ५० चौ.सेंमी धरलं, तर १ ग्रॅम सोन्याचा थर १० मायक्रॉन जाड व्हायला हवा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्वस्त मालावर तो ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे साऱ्या साजावर सोनं १० मिलिग्रॅम!

हा थर चढतो कसा? पितळेचा दागिना घासून चकाकवतात, गरम क्षारात त्याचा तेलकटपणा काढतात, सौम्य आम्लात बुडवून धुतात. बोटाचा ठसा राहिला तरी पुढे तिथंच पापुद्रा सुटतो. मग तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, आणि शेवटी ५०-६० अंशांच्या पोटॅशियम गोल्ड सायनाइडच्या, म्हणजे सोनं असलेल्या संयुगाच्या द्रावणात दागिना विजेच्या ऋण टोकाला टांगतात. पाव अँपिअर विजेवर आपले १० मिलिग्रॅम साधारण २० सेकंदांत बसतात. (सायनाइड जहाल विष आहे. व्हिडिओ पाहून हे घरी करू नये.)

काही महिन्यांनी दागिना काळवंडला की आपण म्हणतो, ‘सोनं उडालं’. घासल्या जाणाऱ्या कडांवर ते झिजतं हे खरं. पण जिथं काही घासत नाही, त्या खाचासुद्धा काळ्या पडतात. का?

इतक्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं असतातच. घाम म्हणजे मिठाचं पाणी. ते छिद्रातून पितळेपर्यंत पोचलं की सोनं, पितळ आणि घाम मिळून चिमुकली बॅटरी तयार होते. सोनं धन टोक, पितळ ऋण टोक. झिजतं ते पितळ. त्यातही सोन्याचा पृष्ठभाग विस्तीर्ण आणि पितळ उघडं सुईच्या टोकाएवढं. पंगत मोठी, ताट एकच! सगळा प्रवाह त्या एका ठिपक्यातून वाहतो, आणि नुसतं पितळ जेवढं कळकलं नसतं त्याहून वेगाने ते तिथं कळकतं. भांड्याच्या कल्हईत उलट घडतं. तिथं ओरखडा पडला तर विजेच्या हिशेबाने आधी कथील झिजतं. सोनं मात्र स्वतः शाबूत राहून खालच्याचा बळी देतं. शिवाय तांब्याचे अणू सोन्यातून हळूहळू वर सरकतात. त्यांना अडवायलाच मधला निकेल असतो. तो वाचवला की माल स्वस्त होतो आणि लवकर काळा पडतो. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र हाच पहारेकरी खाज आणतो.

‘अंगातली उष्णता ओढली म्हणून काळं पडलं’ किंवा ‘नजर लागली’ यात तथ्य नाही. घामातलं मीठ आणि हवेतला गंधक पुरेसे आहेत.

बाकीचे प्रकार झटपट. कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला माल पितळेपेक्षा बरा, कारण खालचा धातूही मोलाचा. पण थर पातळ असेल तर चांदीचा काळा सल्फाइड वर येतोच. अमेरिकेत अशा मालाला ‘वर्मेल’ म्हणायचं तर किमान २.५ मायक्रॉन सोनं लागतं. ‘गोल्ड फिल्ड’मध्ये वीज नाही: सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाबाने चिकटवतात, आणि हा पत्रा एकूण वजनाच्या किमान विसाव्या भागाइतका असतो. लाख भरलेला सोन्याच्या पत्र्याचा मणी मात्र मुलाम्याचा नव्हे. तिथं बाहेरचं सारं सोनंच; फक्त वजनातून लाख वजा करून घ्यावी.

विकत घेताना ‘ग्रॅम’ विचारू नका. मायक्रॉन किती आणि खाली कोणता धातू, हे विचारा. वापरून झाल्यावर कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा. दंतमंजनाने घासलंत तर उरलेलं सोनंही जाईल. अत्तर आधी, दागिना नंतर. पुन्हा पाणी द्यायला नेलंत तर डाग साफ करून निकेल पुन्हा चढवायला सांगा, नाहीतर काळ्यावरच सोनं बसतं. आणि आत लाख असेल तर ते आधी सांगा: गरम क्षारात ती मऊ पडते, विरघळते आणि मणी पोकळ होऊन परत येतो.