पेशींचं चिकटणं आणि मोनोक्लोनल अँटिबॉडी : पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या प्रयोगशाळांत ई-कॅडहेरिनची, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाची, अँटिबॉडी (त्यालाच नेमकी बांधली जाणारी) मागवली जाते ती बऱ्याचदा वेस्टर्न ब्लॉटपुरती, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून हवं ते पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीपुरती. एखाद्या वनस्पतीचा अर्क एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींना द्यायचा, १२० किलोडाल्टन वजनापाशी दिसणारी पट्टी गडद झाली की फिकट ते बघायचं आणि पेशींच्या चिकटण्याबद्दल दोन वाक्यं प्रबंधात लिहायची. पण पट्टीवरून कळतं ते प्रथिन किती आहे एवढंच. ते प्रथिन पेशींना खरंच धरून ठेवतंय का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या) अँटिबॉडीज या क्षेत्रात आल्या त्या या दुसऱ्या प्रश्नासाठी.

सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकत्र येतात, हे १९०७ मध्येच स्पंज रेशमी कापडातून गाळून दाखवलं गेलं होतं. मात्र त्यांना एकत्र आणणारं प्रथिन कोणतं, हे विचारण्याची रीत १९७० च्या सुमारास जर्मनीत डिक्टिओस्टेलियम या अमीबासारख्या जिवावरच्या कामातून रुळली. सशाला पेशी टोचून सीरम मिळवायचं, त्यातल्या अँटिबॉडीजचे पपेन या विकराने फॅब (एकेका हाताचे) तुकडे करायचे आणि त्यांनी पेशींचं चिकटणं थांबतं का ते पाहायचं. थांबलं, तर पेशीपटलातल्या प्रथिनांचे वेगवेगळे अंश एकेक करून त्यात मिसळायचे. ज्या अंशामुळे पेशी पुन्हा चिकटू लागतील, त्या अंशात हवं ते प्रथिन. कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींवरचं एन-कॅम १९७७ मध्ये न्यूयॉर्कला याच वाटेने सापडलं. वाट खरी, पण फार लांबची. सशाच्या सीरममध्ये शेकडो प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीज असतात.

१९७५ मध्ये केंब्रिजला हायब्रिडोमा, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगी पेशी यांच्या संयोगातून झालेली, सतत वाढणारी पेशी, तयार झाला आणि हा क्रम उलटा करता आला. आधी हजारो क्लोन (एकेका पेशीचे वंश), मग त्यांतला चिकटणं थांबवणारा एक, आणि सर्वांत शेवटी तो कशाला बांधला जातो याचा शोध. या तंत्राचं पेटंट घेतलं गेलं नाही. त्यावरून इंग्लंडमध्ये पुढे बराच गहजब झाला, पण अनेक प्रयोगशाळांना मूळ पेशी सढळ हाताने मिळाल्या, हे मला त्या वादापेक्षा मोठं वाटतं.

क्योटोच्या गटाने १९७७ मध्येच दाखवलं होतं की कॅल्शियम असताना ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर दिलं तर पेशींची एक चिकटयंत्रणा शाबूत राहते, आणि कॅल्शियम काढून दिलं तर ती कापली जाते. (आजही ट्रिप्सिन-ईडीटीएने (ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं) फ्लास्कमधल्या पेशी सोडवून लगेच फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्राकडे, नेल्या आणि ई-कॅडहेरिन दिसलं नाही, तर आधी हे आठवावं.) त्याच गटाने १९८४ मध्ये उंदराच्या टेराटोकार्सिनोमा (भ्रूणासारख्या पेशींचा कर्करोग) पेशींना सुट्या करणारी ईसीसीडी-१ ही अँटिबॉडी वापरून त्या यंत्रणेतलं प्रथिन हाती घेतलं आणि कॅडहेरिन हे नाव दिलं. तोवर पॅरिसमध्ये त्यालाच उव्होमोरुलिन म्हणत होते, कारण तिथल्या अँटिबॉडीने उंदराच्या आठ पेशींच्या भ्रूणाचं घट्ट होणं थांबत होतं. कोंबडीच्या यकृतात ते एल-कॅम होतं, कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत आर्क-१ आणि माणसात सेल-कॅम १२०/८०. या शेवटच्या नावातला ८० म्हणजे पेशीबाहेर सुटलेला तुकडा, आणि तो मिळवला होता एमसीएफ-७ पेशी ज्यात वाढवल्या त्या द्रवातून. पांढऱ्या पेशींच्या बाबतीत असाच गोंधळ १९८२ पासून भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळांनी सीडी क्रमांक देऊन आवरला. एलएफए-१ हे चिकटवणारं प्रथिन झालं सीडी११ए/सीडी१८, आयकॅम-१ झालं सीडी५४. ई-कॅडहेरिनला सीडी३२४ हा क्रमांक पुष्कळ उशिरा मिळाला, आणि कॅडहेरिनवर काम करणारे तो क्वचितच वापरतात.

या सगळ्या कामाच्या तळाशी एक निर्णय होता, आणि त्याची चर्चा आपल्याकडच्या वर्गांत जवळजवळ होत नाही. अँटिबॉडीने चिकटणं थांबलं, म्हणजे ती ज्याला बांधली जाते ते चिकटवणारं प्रथिन, असं सर्वांनी धरून चालायचं ठरवलं. माझ्या मते हा निकष गरजेपेक्षा लवकर मान्य झाला. अखंड अँटिबॉडीला (आयजीजी) दोन हात असतात. दोन पेशींवरची प्रथिनं दोन हातांत धरून ती पेशींचा गठ्ठाच करू शकते, किंवा एकाच पेशीवरची प्रथिनं एकत्र ओढून ती आत घ्यायला लावू शकते. म्हणून एका हाताचा फॅब तुकडा लागतो. फॅबनेही चिकटणं थांबलं, तरी त्याने बंधाचीच जागा झाकली असं सिद्ध होत नाही. अँटिबॉडी आकाराने मोठी असते. ती शेजारच्या प्रथिनाला अडचण करते, प्रथिनाचा आकार बदलते, कधी पेशीला आत संकेत पाठवते. बाजारातल्या कुपीत सोडियम अझाइड (अँटिबॉडी टिकवण्यासाठी घातलेलं विष) असेल, तर पेशी नुसत्या विषबाधेनेही सुट्या होतात. जिवंत पेशींवरचा प्रयोग अझाइड नसलेल्या किंवा डायलिसिस करून ते काढलेल्या अँटिबॉडीनेच व्हायला हवा.

ई-कॅडहेरिनचंच उदाहरण घ्या. ईसीसीडी-१ प्रथिनाच्या बाहेरच्या, अमिनो टोकाजवळ बांधली जाते. डेक्मा-१ ही दुसरी अँटिबॉडी पेशीपटलाजवळच्या भागाला बांधली जाते. दोन्ही चिकटणं थांबवतात! १९९० मध्ये या दुसऱ्या जागेवरून तिथेही एक नवं चिकटस्थळ असावं, असा तर्क मांडला गेला. पुढच्या दशकभरात स्फटिकरचना हाती आल्या तेव्हा दिसलं की मुख्य बंध बाहेरच्या टोकाला, दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या अदलाबदलीने होतो. अँटिबॉडी कुठे बसते आणि प्रथिन कुठे धरतं, ही दोन उत्तरं एक धरल्याने अशी चूक होते. इंटेग्रिनमध्ये (पेशींना पृष्ठभागाशी किंवा इतर पेशींशी जोडणाऱ्या दुसऱ्या प्रथिनांत) तर चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. १९८२ मध्ये सीसॅट अँटिबॉडीने कोंबडीच्या पेशी पृष्ठभागावरून सुटल्या आणि त्यातून इंटेग्रिन सापडत गेलं, पण बीटा-१ साखळीला बांधली जाणारी टीएस२/१६ ही अँटिबॉडी चिकटणं उलट वाढवते. त्याच साखळीवरची ही वेगळी जागा.

निकषाला खरा आधार मिळाला १९८७ मध्ये. ई-कॅडहेरिनचं जनुक हाती आलं आणि ते एरवी एकमेकींना न चिकटणाऱ्या उंदराच्या एल-पेशींत घातलं. त्या चिकटू लागल्या, त्यांना कॅल्शियम लागू लागलं, आणि अँटिबॉडी देताच त्या पुन्हा सुट्या झाल्या. पुढच्याच वर्षी ई-कॅडहेरिनच्या आणि त्याच कुळातल्या पी-कॅडहेरिनच्या पेशी मिसळल्या, तर त्या आपापल्या गटांत वेगळ्या झाल्या. अँटिबॉडीने नाव सुचवलं, पण पुरावा झाला तो जनुकाने. पाठ्यपुस्तकांत हे दोन टप्पे एका वाक्यात उरकले जातात, ते योग्य नाही.

यानंतर अँटिबॉडीज रुग्णालयात पोहोचल्या. लोब्युलर स्तनकर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नाहीसं होतं, म्हणून पॅथॉलॉजीत डक्टल या दुसऱ्या प्रकारापासून तो वेगळा ओळखायला ई-कॅडहेरिनच्या अँटिबॉडीने पेशी रंगवून बघतात. अल्फा-४ इंटेग्रिन रोखणारी नॅटालिझुमॅब मल्टिपल स्क्लेरोसिससाठी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, मेंदूच्या विषाणुसंसर्गामुळे २००५ मध्ये मागे घेतली गेली आणि २००६ मध्ये अटींसह परतली. पांढऱ्या पेशींना मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चिकटू दिलं नाही, तर विषाणूवरचा पहाराही उठतो.

मोनोक्लोनल म्हणजे एकच अँटिबॉडी, हा विश्वासही अलीकडे ढळला. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा तपासले, तर सुमारे एक तृतीयांशांत अँटिबॉडीच्या जादा साखळ्या सापडल्या. अनुक्रम माहीत असलेल्या पुनःसंयोजित (जनुक घालून बनवलेल्या) अँटिबॉडीजकडे ओढा वाढला तो यामुळेही.

कोल्हापुरात एका कुपीसाठी तीस-चाळीस हजार मोजणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या पेशी ताडून पाहण्याचा १९८७ चा तो ताळा आजही परवडतो. एमसीएफ-७ मध्ये ई-कॅडहेरिन आहे, एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशींत ते नाही. पुण्याच्या पेशीभांडारातून दोन्ही मागवता येतात. दोन्ही शेजारीशेजारी लावाव्यात, क्लोनचं नाव आणि तो कोणत्या प्राण्याच्या प्रथिनावर चालतो हे वहीत लिहावं. ईसीसीडी-१ उंदराच्या प्रथिनासाठी, माणसाच्या प्रथिनासाठी एचईसीडी-१. अँटिबॉडी २३१ वरही पट्टी दाखवत असेल, तर ती पट्टी ई-कॅडहेरिनची नाही.