खड्ड्यात चाकावर नेमका किती भार येतो?

१२०० किलोची मोटार सपाट जमिनीवर उभी असेल, तर प्रत्येक चाकावर साधारण ३०० किलोचा भार असतो. गाडी चालू लागली की हे गणित बदलतं. करकचून ब्रेक दाबला तर पुढच्या प्रत्येक चाकावर सव्वाशे किलोच्या आसपास जास्तीचा भार येतो आणि मागची चाकं तितकीच हलकी होतात. खड्ड्यात चाक क्षणभर लोंबकळतं आणि लगेच पलीकडच्या कडेवर आदळतं. तेव्हा तोच भार जवळजवळ शून्यावरून गाडी उभी असतानाच्या भाराच्या कित्येक पट होतो.

गाडी किती मजबूत करायची, हे या आकड्यांवर ठरतं. पण बल थेट दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम: धातू किंचित ताणला जातो. हा ताण मोजणारा स्ट्रेन गेज १९३८च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे शोधला. आजचा गेज म्हणजे नखाएवढ्या पातळ पापुद्र्यावरची धातूची नागमोडी रेघ. तो सस्पेन्शनच्या आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर, चिकटवतात. आर्म ताणला की रेघही ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. किती? पोलादावर बऱ्यापैकी भार असताना ३५० ओहमचे होतात ३५०.३५ ओहम! एवढासा फरक पकडायला चार गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे रोधांमधला बारीक फरक दाखवणाऱ्या विद्युत मंडलात, जोडतात. जोडणी नीट केली, तर तापमानामुळे चारही गेजमध्ये होणारा सारखाच बदल आपोआप वजा होतो आणि भाराचा तेवढा उरतो.

खरी कसोटी चाकातच मोजताना लागते. त्यासाठी रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) यांच्यामध्ये सेन्सर बसवतात. तो उभं, आडवं आणि पुढे-मागे अशी तीन बलं आणि त्या तीन अक्षांभोवतीचे पीळ, अशा सहा गोष्टी एकाच वेळी मोजतो. मात्र सेन्सर चाकाबरोबर फिरत असतो. आत्ता त्याची जी बाजू वर आहे, ती अर्ध्या फेऱ्यात खाली जाते. म्हणून चाकाचा कोनही क्षणोक्षणी नोंदवून सगळे आकडे गाडीच्या दिशांमध्ये बदलून घ्यावे लागतात. कोन थोडा जरी चुकला, तरी उभ्या भाराचा काही हिस्सा ब्रेकच्या बलात मिसळतो. शेजारी तापलेली ब्रेक डिस्क असते, तिच्या उष्णतेचा त्रास वेगळाच.

एवढा खटाटोप का? धातू एका मोठ्या धक्क्यानेच तुटतो असं नाही, तो वारंवारच्या भारानेही थकतो. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस मोडून मोठा रेल्वे अपघात झाला. पुढे जर्मनीत रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी धावत्या डब्यांच्या आसांवरचे भार मोजले आणि प्रयोगशाळेत आस वारंवार वाकवून थकव्याचा नियम शोधला. भार वाढतो त्याच्या कैक पटीने झीज, म्हणजे थकव्याने होणारी हानी, वाढते. अनेक सुट्या भागांत भार दुप्पट झाला की झीज सुमारे ३२ पट होते. त्यामुळे गुळगुळीत महामार्गावरचे कित्येक किलोमीटर हिशेबात जवळपास नगण्य ठरतात आणि थोडेसे खड्डे भागाचं आयुष्य खाऊन टाकतात.

चाचणीत याचा फायदा करून घेता येतो. रस्त्यावरच्या नोंदींतून निरुपद्रवी भाग वगळतात आणि उरलेले धक्के हायड्रॉलिक रिगवर, म्हणजे द्रवाच्या दाबाने गाडी हलवणाऱ्या यंत्रावर, गाडीला पुन्हा पुन्हा देतात. त्यामुळे कित्येक महिन्यांची धाव काही आठवड्यांत आटोपते. पण रिग तेच धक्के देणार, जे रस्त्यावर नोंदले गेले. आपल्याकडे टेम्पो-ट्रकमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माल भरला जातो, हे उघड आहे. कागदावरच्या वजनानेच चाचणी केली, तर ती गाडी प्रत्यक्षात जे सोसते ते नोंदीत येतच नाही. म्हणून भार मोजताना गाडी तशीच, खच्चून भरलेली, खड्ड्यांच्या रस्त्यावर न्यायला हवी.