ग्रीक-पर्शियन वैर: पहिली काडी कोणी टाकली?

कुणी कुरापत काढलेली नसताना पर्शियाचा सम्राट दरायस स्वतंत्र ग्रीसवर चालून आला, असं सर्रास सांगितलं जातं. घटनाक्रम वेगळा आहे.

इ.स.पू. ५०७च्या सुमारास स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरराज्याच्या धास्तीने अथेन्सनेच पर्शियाकडे मदत मागितली. सार्डिसला, म्हणजे पर्शियाच्या पश्चिमेकडच्या प्रांताच्या राजधानीत, गेलेल्या दूतांनी ‘माती आणि पाणी’ द्यायचं कबूल केलं, म्हणजे मांडलिकत्वच. घरी परतल्यावर त्यांना बोलणी खावी लागली, ती गोष्ट वेगळी!

मग आला आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या मिलेटस शहराचा अ‍ॅरिस्टागोरस. हाही ग्रीकच, पण पर्शियाच्या कृपेने सत्तेवर बसलेला. पर्शियाला नॅक्सॉस हे ग्रीक बेट जिंकून देतो म्हणाला आणि चार महिन्यांच्या वेढ्यानंतर हात हलवत परतला. आता गादी जाणार या भीतीने त्याने ४९९मध्ये आयोनियात, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांत, पर्शियाविरुद्ध बंड पेटवलं. स्पार्टाने मदतीला नकार दिला. अथेन्सने २० जहाजं धाडली, एरेट्रिया या ग्रीक शहराने ५. पुढच्या वर्षी सार्डिस जळालं, तिथलं सिबेली देवीचं देऊळही. ही जहाजंच साऱ्या अनर्थाची सुरुवात, असं खुद्द ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो.

राज्यविस्ताराची हाव दरायसला होतीच. पण ४९०मध्ये त्याची फौज निघाली ती एरेट्रिया आणि अथेन्सचं नाव घेऊन. तिला अथेन्सजवळच्या मॅरेथॉनची वाट दाखवणारा हिप्पियस तर अथेन्सचाच हाकललेला हुकूमशहा.